रताळ्याच्या वाफ्याखालची ज्वारी

२०२५ सालच्या १३ जानेवारीला, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, मी सकाळी कुदळ घेऊन रताळी काढायला बसलो. आमच्याकडे बडोद्यात संक्रांतीला तिळगूळ असतो आणि उंधियू, म्हणजे गुजराती मिसळीची भाजी, हीही असते. उंधियूला निदान रताळी आणि वालपापडी घरची असावी असा सौभाग्यवतीचा आग्रह. सप्टेंबरात चौदा आळ्यांत वेल लावले होते. चार महिने पाणी घातलं, वेल पलटवले. पानांचा रंग इतका गर्द होता की येणारे-जाणारे थांबून बघत.

पहिलं रताळं हाताला लागलं ते मोठं होतं, पण उचललं तर कागदासारखं हलकं. उलटं केलं. खालून पूर्ण पोखरलेलं, वरची लाल साल वाटीसारखी शिल्लक, आणि आत दोन-दोन दातांच्या बारीक खुणा. दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौदापैकी अकरा आळी खाल्लेली निघाली. वरून एक पान सुकलेलं नव्हतं, म्हणून मला चार महिने काही कळलंच नाही.

वाफ्याच्या टोकाला कुदळ अचानक आत गेली. बीळ होतं. मी ते हातभर उकरत गेलो. आत चुरगाळलेल्या पानांचा आणि प्लास्टिकच्या दोऱ्यांचा गोळा, आणि त्याच्या शेजारच्या कप्प्यात वाटीभर धान्य होतं. ज्वारी आणि बाजरी. मी दोन्ही कधी पेरलेली नाहीत, आणि आमच्या घरी बाजरी पीठ म्हणूनच येते. ते वाटीभर धान्य ओंजळीत घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. त्याच्यामुळे पुढचं सगळं उलगडलं, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर बडोद्याच्या समा भागात, जुन्या सोसायटीतलं टेनामेंट, म्हणजे मागे मोकळी जागा असलेलं छोटं घर. मागे बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा आहे. तिच्यात मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून भाजी लावतो. मागच्या भिंतीपलीकडे कांस आहे. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याला बडोद्यात कांसच म्हणतात. ती पुढे विश्वामित्रीला मिळते. नदी चढली की पाणी उलटं कांसेतून आमच्याकडे येतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये ते आलं. गोकुळाष्टमीच्या दिवशी पावसाने धरलं, आणि नंतरच्या दोन दिवसांत विश्वामित्री धोक्याच्या २६ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या खालच्या खोल्यांत गुडघाभर पाणी. रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, त्याची चित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. उंदरांची चित्रं कुणी काढली नाहीत. मी गच्चीवरून पाहत होतो: कांसेच्या काठची बिळं भरली तशी ती जनावरं एकामागून एक पोहत निघाली आणि आमच्या भिंतीवर, पेरूच्या फांद्यांवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर येऊन बसली. ओली, थरथरणारी. दया येण्यासारखंच दृश्य होतं आणि मला ती आली. पाणी ओसरल्यावर त्यातली बरीचशी परत गेली नाहीत. गणपती बसले ७ सप्टेंबरला, तेव्हा आम्ही अजून गाळ काढत होतो, आणि रात्री परसातून दातांचा करकर आवाज येऊ लागला होता.

आधी शत्रू ओळखायला हवा. मी चार महिने 'उंदीर, उंदीर' म्हणत होतो, आणि परसात तीन वेगळी जनावरं होती.

पहिला घरातला उंदीर. सडपातळ, लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. पेरू, पपई, पिकायला आलेले टोमॅटो हा खातो, आणि खातो तेही वरून. दुसरी घूस. आमचे गुजराती शेजारी तिला कोळ म्हणतात. आमच्याकडची ती लहान जातीची होती, पण तरी जाड मानेची, आखूड शेपटीची, आणि डिवचली की अंगावरचे राठ केस ताठ करून घुरघुरणारी. ती जमिनीखालून काम करते. बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला आणि तोंड आतून मातीने बंद केलेलं असलं, तर ते बीळ घुशीचं. शेतातल्या घुशी कणसं तोडून बिळात साठवतात हे आमचे शेतीवाले नातेवाईक सांगत. इथे कणसं नव्हती, सुटे दाणे होते. घूस चांगली पोहतेही, त्यामुळे पुरात वाचणाऱ्यांत तिची संख्या मोठी.

तिसरी चिचुंद्री. तिच्याबद्दल सगळ्यांना हात जोडून सांगायचं आहे: तिला मारू नका. लांब निमुळतं तोंड, बारीक डोळे, भिंतीच्या कडेने चिक्‌चिक् करत धावते, आणि तिच्या अंगाचा उग्र वास येतो. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. तिचं खाणं झुरळं, किडे, अळ्या. वाफ्यातल्या मातीत असलेल्या हुमणीसारख्या अळ्या ती खाते, म्हणजे ती माळ्याच्या बाजूची आहे. मी एकदा चिकट पुठ्ठा लावला होता. सकाळी त्याच्यावर चिचुंद्री आणि एक पाल, दोघी जिवंत, सुटायची धडपड करत. गोडं तेल लावून लावून पालीला सोडवलं. चिचुंद्री गेली. त्या दिवसानंतर तो पुठ्ठा माझ्या घरात आला नाही.

पुदिन्याचं तेल, डांबराच्या गोळ्या, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारं यंत्र, हे सगळं झालं. उघड्या बागेत त्यातल्या कशाचाही काडीचा उपयोग नाही.

विषाबद्दल मात्र सविस्तर लिहितो. पुरानंतर सोसायटीत माणूस बोलावून कांसेच्या कडेने विषाच्या वड्या टाकल्या. ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्के. माझाही त्याला होकार होता, वर्गणीही दिली. या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि जनावर तीन-चार दिवसांनी मरतं. त्या दिवसांत ते सुस्त होतं, उजेडात फिरतं, आणि सहज सापडतं. आमच्या सोसायटीच्या टोकाला एका बंद घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी होती. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याची. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांचा गोळा ओकून टाकतं. ते गोळे त्या घराच्या ओट्यावर पडलेले असायचे. माझा नातू सुट्टीत आला की आम्ही ते पाण्यात भिजवून सोडवायचो आणि आतल्या कवट्या कागदावर मांडायचो. एकदा एकाच गोळ्यात तीन कवट्या निघाल्या होत्या. विष टाकल्यावर साधारण महिन्याने ओट्यावर नवे गोळे दिसेनात. दिवाळीपर्यंत रात्रीचा तो चिरका आवाजही थांबला. मेलेलं घुबड मी पाहिलं नाही. पण रोज रात्री न चुकता कामावर येणारे दोन शिकारी आमच्या गल्लीतून गेले, आणि त्याच सुमारास आम्ही विष टाकलेलं होतं, हे मला विसरता येत नाही.

आणि उंदीर? पाण्याच्या टाकीखाली मेलेल्यांचा वास आठ दिवस होता. तीन महिन्यांत ते पूर्वीइतके झाले. मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, आणि ती पिल्लं तीन महिन्यांची होईतो त्यांनाही पिल्लं व्हायला लागतात. खाणं जागेवरच होतं, फक्त खाणारे बदलले.

शेतीच्या दुकानात काळी पूड मिळते, झिंक फॉस्फाइड. ती परसात वापरायचा विचारही करू नका. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि तिच्यावर उतारा नाही. गल्लीतली कुत्री, मांजरं आणि आपली लहान मुलं त्याच मातीत असतात.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, परत एकदा विष टाका आणि मोकळे व्हा." त्याला १९९४ आठवत नाही. मला आठवतं. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला. सुरतेहून येणाऱ्या गाड्या बडोद्याच्या फलाटावर लागायच्या तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल. आमची आजी तेव्हा होती. तिने आम्हाला सारखं विचारलं, "कुठे उंदीर पडला का?" तिच्या लहानपणी 'उंदीर पडला' हे दोन शब्द ऐकले की माणसं चुलीवरचं तसंच सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. प्लेगनंतरच्या वर्षी, १९९५ मध्ये, सुरतेला एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहर साफ केलं. साठलेला कचरा उचलला, रोज उचलायची शिस्त लावली, उघड्यावरचं खाणं ताळ्यावर आणलं. दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. एवढ्या मोठ्या शहराला जे जमलं ते बारा बाय वीसच्या परसात का जमू नये, असं माझ्या मनाने घेतलं.

बिळं मोजायची पद्धत शेतकऱ्यांची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. संध्याकाळी दिसतील तेवढी सगळी तोंडं मातीने बुजवायची आणि पायाने दाबायची. सकाळी जी उघडलेली दिसतील ती चालू, बाकीची ओसाड. मी पहिल्या दिवशी एकोणीस तोंडं बुजवली. सकाळी सहा उघडी होती. त्या सहांच्या भोवती रात्री रांगोळी भुरभुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पावलांच्या नक्षीवरून वाटा दिसल्या. दोन वाटा माझ्या कंपोस्टच्या खड्ड्याकडे जात होत्या. एक गळक्या नळाकडे. आणि उरलेल्या तिन्ही, सरळ रेघ मारावी तशा, शेजारच्या गुजराती आजींच्या, म्हणजे बांच्या, कंपाउंडकडे.

मग त्या ज्वारी-बाजरीचा अर्थ लागला.

बा ब्याऐंशी वर्षांच्या. त्या रोज पहाटे देवपूजा झाली की मागच्या ओट्यावर पक्ष्यांना दाणे टाकतात. ज्वारी, बाजरी, कधी मका. गुजरातेत गावोगावी त्यासाठी नक्षीचे चबुतरे बांधलेले आहेत. पक्ष्याला दाणा घालणं हा त्यांच्या घरी धर्म आहे आणि बांनी तो, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, सासरी आल्यापासून एकही दिवस चुकवलेला नाही. काका, म्हणजे त्यांचे यजमान, होते तेव्हा अर्धा किलो पडायचं. आता मुलगा परदेशातून पैसे पाठवतो, म्हणून दोन किलो पडतं. पक्षी खातात तेवढं खातात, उरलेलं रात्रभर ओट्यावर असतं.

मी चार दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. काय सांगणार? पुरात आमच्या खाली पाणी भरलं तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन रात्री काढल्या. त्यांनी आम्हाला खिचडी-कढी करून घातली. त्यांच्या धर्मावर बोट ठेवायला माझी जीभ वळेना. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही दाणे बंद करायला सांगू नका. दाणे कुणाच्या पोटात जातात ते दाखवा." ती वाटीभर ज्वारी मी डब्यात जपून ठेवली होती. डबा घेऊन गेलो.

बांनी डबा उघडला, दाणे हातात घेतले, नखाने परतले. ओळखले. मी सांगितलं की हे माझ्या वाफ्याखाली घुशीच्या बिळात मिळालं.

"एटले मारां चकलांनुं ए खाई जाय छे?" म्हणजे माझ्या चिमण्यांचं ते खाऊन जातात?

मी हो म्हटलं. त्या गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, "ए बिचारां पछी क्यां जशे, भाई?" ते बिचारे मग कुठे जातील? हा प्रश्न त्या मनापासून विचारत होत्या आणि माझ्याकडे त्याचं गोड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "बा, कमी होतील. खायला कमी असलं की पिल्लंच कमी होतात. विष घालून तडफडवण्यापेक्षा ते बरं." ते त्यांना पटलं. आमचं ठरलं ते असं: दाणे ओट्यावर न टाकता कठडा असलेल्या मोठ्या पितळी थाळीत ठेवायचे, अर्धाच किलो ठेवायचे, आणि दहाच्या सुमाराला पक्षी उडाले की थाळी उचलून आत न्यायची, खाली सांडलेलं झाडून घ्यायचं. वाकणं त्यांना जमत नाही, म्हणून झाडायला मी किंवा सौभाग्यवती जातो. चिमण्या, साळुंक्या, होले सकाळीच येतात. पक्ष्यांचं काही कमी झालं नाही.

माझ्या बाजूचा दोष तेवढाच मोठा होता. कंपोस्टच्या खड्ड्यात मी भाजीच्या देठांबरोबर उरलेली पोळी, भात, डाळसुद्धा टाकत आलो होतो. दोन-दोन, तीन-तीन महिने तो खड्डा न हलवता कोरडा पडलेला. घुशीला याहून चांगलं घर कुठलं? खड्डा बुजवला. जुन्या ड्रमला तळाशी आणि भोकांना पाव इंची जाळी मारून तो विटांवर ठेवला. शिजवलेलं अन्न आता त्यात जात नाही. आठवड्यातून एकदा उलथतो आणि ओलसर ठेवतो. नळाचा वॉशर बदलला. झाडांना पाणी सकाळी घालतो, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. पडलेला पेरू, किडका टोमॅटो सूर्य मावळायच्या आत उचलला जातो. टोमॅटो गुलाबी व्हायला लागला की तोडून घरात टोपलीत पिकवतो. चवीत थोडा फरक पडतो, पण टोमॅटो आपल्याला मिळतो.

जाळीचं काम मी पंधरा दिवस केलं आणि त्यात मला खरोखर आनंद झाला. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, उंदीर ती कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे त्याला कुरतडणं भागच असतं. जस्त चढवलेली, सांध्याला वेल्ड केलेली अर्ध्या इंची जाळी घ्यायची. कांसेकडच्या भिंतीलगत दीड फूट खोल चर खणला, जाळी उभी उतरवली आणि तळाशी तिचा नऊ इंचाचा भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवला. घूस भिंतीला चिकटून खाली खणत जाते आणि त्या आडव्या जाळीवर येऊन थांबते. मागे सरकून लांबून खणायचं तिला सुचत नाही. कंदांसाठी वेगळा वाफा केला: विटांचा, दोन फूट उंच, तळाला तीच जाळी अंथरून. पाण्याच्या निचऱ्याच्या पाइपांच्या तोंडांना जाळीच्या टोप्या बसवल्या. पपईच्या खोडाला कमरेच्या वर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला, कोकणात माडाला गुंडाळतात तसा. आजोळी गुहागरकडे लहानपणी पाहिलेला तो पत्रा इतक्या वर्षांनी कामाला आला. शेजारच्या फांद्या मात्र तोडाव्या लागल्या, नाहीतर उंदीर पत्र्याला वळसा घालून वरून येतो.

आत अडकलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. पिंजरा लावला तर पहिला आठवडा रिकामा. उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून पिंजऱ्याचं दार तारेने बांधून उघडं ठेवलं, चार रात्री तूप लावलेला भाकरीचा तुकडा त्यांना खुशाल खाऊ दिला, आणि पाचव्या रात्री तार सोडली. लागोपाठ तीन सापडले. ते स्कूटरवरून नदीकाठी नेऊन सोडले, पण मन खात राहिलं. अनोळखी जागी सोडलेला उंदीर बहुधा लवकर मरतो, नाहीतर तिथल्या कुणाच्या घरात शिरतो. पुढच्या दोन घुशींना मी लाकडी खोक्यात चाप लावला. खोक्याचं तोंड एवढंच ठेवलं की पक्षी, मांजर आत जाऊ नये. एका क्षणात जीव जातो. मारलं, हे मी बांपासून लपवलं नाही. त्या देवघरात गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या.

एक गोष्ट तब्येतीची. पुरानंतरच्या चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाच्या भेगेतून, हाताच्या ओरखड्यातून जंतू आत जातात. दक्षिण गुजरातेत भात आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना हा पावसाळ्यात होत आलेला आहे. म्हणून ओल्या मातीत गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय उतरू नका. पोटऱ्या भयंकर दुखून ताप आला आणि डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपण चिखलात काम केलं होतं हे आपणहून सांगा. लवकर कळलं तर औषध आहे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, आणि उष्टावलेलं फळ तेवढा भाग कापून खाऊ नका, सबंध टाका.

यंदा १२ जानेवारीला मी कंदांचा वाफा उकरला. आठच वेल लावले होते, वाफ्यात तेवढेच मावतात. सव्वासहा किलो रताळी निघाली. एकालाही दात लागलेला नव्हता. बांना दोन किलो दिली. जमिनीवरच्या वाफ्यातल्या मुळ्यांपैकी चार-पाच मात्र खाल्लेले निघाले, आणि भिंतीवर रात्री एखादी सावली पळताना अजून दिसते. गेल्या महिन्यात त्या बंद घराच्या ओट्यावर मला एक गोळा मिळाला. भिजवून बघितला, आत दोन कवट्या आणि राखाडी केस. वर माळ्यावर घुबड एक आहे की दोन ते अजून दिसलेलं नाही. सोसायटीच्या बैठकीत विषाचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मी त्या दोन कवट्या कागदावर मांडून टेबलावर ठेवल्या. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे.

परवा नळाच्या कडेला ताज्या मातीचा एक ढीग दिसला. आज संध्याकाळी ते तोंड बुजवलं, दाबलं, भोवती रांगोळी टाकली. उद्या साडेसहाला बघतो.